शिट्टीच्या गाण्याला दिलेलं मत

रवि. १२ जाने.

मलकापूर. तुकाच्या बॅटरीच्या दुकानात मतदान झालं. निकाल न्हाई. दर सालागत.

शिवाप्पा कालच जतवरनं आलाय. येताना पिशवीभर ज्वारी आन माझ्यासाठी एक घोंगडं. घोंगडं कशाला, म्हणलं, घरात चार हायत. म्हणला, "असू दे. कोण पैलं जाईल त्येच्या अंगावर घालू." असलं बोलायची खोडच त्येला.

बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात तिथंच मागं बसलो तिघं. तुकानं कंदीलवाल्यांची सगळी गाणी लावली. टिन लँटर्न हे त्या इंग्रजी बँडचं खरं नाव. फौजंत कॅशेट हातात पडली तवा डब्यावर कंदील हुता, तवापास्नं कंदीलवालेच. इंग्रजी एकालाबी कळत न्हाई. अडलं न्हाई कवा.

सगळ्यात झ्याक गाणं 'घोडा', ह्यावर वाद न्हाई. ढोल असा पळतो की गाडी टाप गेरात टाकावी वाटती. वाद वाईटावर. तिघांनी एकेक नाव घ्यायचं. ज्येला दोन मतं पडली त्ये गाणं सालभर बंद. कुणी वाजवायचं न्हाई, एकट्यानंबी न्हाई, तोंडानंबी न्हाई. पेन्शनीत आल्यापास्नं ह्योच नियम. आजवर एकबी गाणं बंद पडलं न्हाई. माणसं तीन, मतंबी तीन.

तुकाचं 'रडकं'. "बाई गेली पळून तर दुसरी बघ की रं. अर्धी कॅशेट काय रडतूस?"

माझं 'लांबडं'. ती पेटी सुरू झाली की उंब्रजात गाडीत बसावं, कराडात उतरावं, तरी पेटी चालूच.

शिवाप्पाचं 'शिट्टीचं'. जल्मभर त्येच. "ढोल न्हाई, गळा न्हाई. निस्ती शिट्टी. शिट्टी तर माझी मेंढरंबी ऐकत्यात. त्येला काय गाणं म्हणायचं?"

मी म्हणलं, घोड्याच्या खालोखाल त्येच हाय.

"जग्या, तोंडात कवळी तुझ्या. शिट्टी मारायला येती का? मंग शिट्टीची बाजू घिऊ नगं."

तुका हसून हसून बॅटरीवर पडाय लागला.

दुपारी मटण. शिवाप्पानं रस्सा पिला, मटण ताटात ठिवलं. खोकतोय लय. दवाखान्यात जा म्हणलं. "जाऊ की." म्हंजे जात न्हाई.

सोम. १३ जाने.

शिवाप्पाला कराड स्टँडवर सोडला. खिडकीला बसला. गाडी हलली तवा वराडला, "पुढल्या साली तुझं मत मला!"

मी म्हणलं, तू मेल्यावर दीन.

गाडीतली माणसं बघाय लागली.

रिमार्क काय न्हाई. (फौजंत गाडीचं लॉगबुक भरायचो. तारीख, फेरा, खाली रिमार्क. सवय सुटत न्हाई.)

शुक्र. ७ फेब्रु.

बिरूचा फोन. शिवाप्पाचा पोरगा. "काका, आण्णा गेलं."

पहाटं. छातीत पाणी झालं हुतं म्हणं.

तुकाला फोन केला. त्येचं गुडघ्याचं आपरेशन झालंय, खाटंवर हाय. मंग म्हणला, "तू जा. माझंबी तूच बघ."

घरवालीनं, मालननं, डबा बांधला, घोंगडं पिशवीत कोंबलं. "तेंनीच म्हणलं हुतं नव्हं, अंगावर घाला." उगं कायतरी, म्हणलं. पर घेतली पिशवी.

मिरजंच्या पुढं गेलो तवर परत बिरूचा फोन. ऊन वाढायच्या आत उरकलं. थांबता येईना म्हणला. बरोबर हाय. म्हातारं माणूस, थांबून काय करायचं.

घोंगडं पिशवीतच ऱ्हायलं.

रवि. ९ फेब्रु. जत.

रक्षाविसर्जन.

नदी कुठली हिकडं. रक्षा मडक्यात भरली, बिरू सांगलीला नेऊन कृष्णेत सोडणार. जागा धुवायला टँकर. टँकर बिरूच चालवतो. बापाच्या जागंवर पोरानं पाईप धरला. पाणी हिकडं तिकडं उडत हुतं.

निवद ठिवला. भाकरी, खर्डा, दूधभात, कपात च्या, बिडीचा कट्टा. सगळी बाजूला झाली. लिंबावर कावळं बसल्यालं. खाली बघत्यात, येईनात.

बिरू म्हणला, "आण्णा, आईला सांभाळतो." कावळा न्हाई.

गंगव्वा, शिवाप्पाची बायको, हात जोडून म्हणली, "मेंढरं इकत न्हाई. तुमची मेंढरं हायत तशी ऱ्हातील." न्हाई.

भावकीतल्यानं बांधाचं कायतरी कबूल केलं. न्हाई. एक म्हातारी कन्नडात हाका मारती, बारो यप्पा, बारो, म्हंजे ये बाबा, ये. न्हाई. ऊन डोक्यावर आलं. बायका रडायच्या ऱ्हाऊन घाम पुसाय लागल्या. कोणतरी म्हणलं गाईला घाला आन चला. गंगव्वाचं तोंड बघवंना. मनात काय राहिलं हुतं त्येंच्या, काय राहिलं हुतं, एकच घोकत हुती.

माझं टाळकं तापलं. असल्या गोष्टींवर माझा इस्वास न्हाई. पर चारचौघात बायकूला असं उभं करायचं म्हंजे काय? गेलो पुढं. म्हणलं, "शिवाप्पा, शिट्टीचं गाणं सगळ्यात भिकार. माझं मत तुला. झालं? ये आता."

शब्द तोंडातनं सुटतोय न सुटतोय तवर कावळा खाली. भाकरीचा तुकडा उचलला. मंग दुसरा. मंग सगळंच.

बायका वराडल्याच. माझा हात धरून एकजण म्हणला, "काय म्हणलासा?"

"मत दिलं."

"कसलं? हिकडं तर निवडणूक न्हाई सध्या."

गंगव्वा माझ्या पाया पडली. मी मागं सरलो. घोंगडं तसंच माघारी आणलं.

मंगळ. ११ फेब्रु.

घरी. भुकेला कावळा खाणारच. सकाळपास्नं बसल्याला, माणसं बाजूला झाली, आला. मी बोललो त्याच टायमाला आला, एवढंच.

पर मत ते मत. शिवाप्पाचं एक, माझं एक. दोन झाली. नियमानं शिट्टीचं बंद.

बंद तर बंद.

रवि. १६ फेब्रु.

मलकापूर. तुकाला सांगिटलं. खाटंवर उठून बसला. "माणूस मेल्यावर मत देत्यात व्हय रं? तिकडं जाळात घातला आन मंग तू म्हणतूस तुझं बरोबर?"

म्हणलं, कावळा येत नव्हता.

"मंग 'रडक्या'ला द्यायचं! कावळ्याला काय कळतंय?"

मंग आमी दोघंबी हसलो.

मंग तुका म्हणला, "शिट्टीचं तुझं लाडकं. त्येच दिलंस."

म्हणलं, त्येला त्येच पायजे हुतं.

"जग्या, आपुन तिघं एवढी वर्सं गाण्यावर भांडलो. त्या शिट्टीवर भांडलो. पर आपल्या दिल्याचं नाव..."

म्हणलं, च्या सांग.

च्या आला. पिला. आलो.

शनि. २२ फेब्रु.

ऐकणार न्हाई म्हणलं की कानात त्येच. उसाच्या ट्राल्या जात्यात रस्त्यानं, त्येंची गाणी एवढ्या मोठ्यांदा, त्याच्याबी खालनं शिट्टी. निम्म्यात तुटती. तिसऱ्या वळणावर तुटती आन परत पैल्यापास्नं.

दुपारी मी सोप्यात पेपर वाचत बसल्यालो. मालन परड्यातनं आली. "आवं, शिट्ट्या काय मारताय ह्या वयात? गोठ्यातनं ऐकू येतंय. बरं दिसतं का?"

मी म्हणलं, मी हिथं हाय.

"मंग कोण हुतं?"

"कुकर असंल."

"कुकर गाणं म्हणतोय व्हय?" म्हणली आन गेली कामाला.

कवळी बसवल्यापास्नं मला शिट्टी येत न्हाई. तिला ठावं हाय. इसरली असंल.

गोठ्यात जाऊन बघितलं. म्हस रवंथ करत हुती. दुसरं कोण न्हाई.

गुरु. २७ फेब्रु.

लिव्हावं का न्हाई. लिव्हतोच. कुणी वाचत न्हाई.

दिल्या माझ्या गल्लीतला. आमी बरुबर भरती झालो. तुका, शिवाप्पा तिथं भेटले. चौघं एका प्लाटूनीत ड्रायव्हर, पूर्वेकडच्या डोंगरात. बदली झाल्याला एक लेफ्टनंट जाताना ती कॅशेट दिऊन गेला. दिल्यानंच मागून घेतली. तवा मतदान न्हाई, कायबी न्हाई. चौघांना सगळीच गाणी गोड.

दिल्याचा पुढचा एक दात अर्धा तुटल्याला, कबड्डीत. त्येला शिट्टीचं गाणं लय आवडायचं. कानवाय, म्हंजे गाड्यांची रांग, थांबला की गाड्या परत काढायच्या टायमाला दिल्या पुढल्या गाडीपास्नं मागल्या गाडीपतोर चालत यायचा आन ती शिट्टी मारायचा. म्हंजे चला. तिसऱ्या वळणावर दातातनं वारं जायचं. फुस्स. मंग पुढं. ती फुस्स ऐकली की आमी हसत हसत सेल मारून गाड्या चालू करायचो.

त्या दिवशी धुकं हुतं. थांबलो. बिस्किट खाल्ली. दिल्या शिट्टी मारत आला, माझ्या बानेटावर थाप मारली, शिवाप्पाच्या बानेटावर मारली, माघारी पुढं जाऊन आपल्या गाडीत बसला. त्येची गाडी वळणावर गेली आन दरड आली.

आवाज लय मोठा न्हाई. मला वाटलं हुतं लय मोठा असंल.

त्येच्यानंतर शिवाप्पाला त्ये गाणं सोसत नसायचं. लागलं की उठून जायचा. मला त्याच्याबिगर करमायचं न्हाई. दिल्याचं तेवढंच हाय. त्येनं मला कवा इचारलं न्हाई तुला का आवडतं. मी कवा इचारलं न्हाई तुला का नगं. ढोल न्हाई, गळा न्हाई, ह्यावरच भांडत ऱ्हायलो.

ती शिट्टी आमच्यातल्या कुणी परत मारली न्हाई. कवळी तर आत्ताची. दात हुते तवाबी न्हाई. मारली तर म्हंजे चला. आन चला म्हणल्यावर काय झालं त्ये बघितलंय.

आता गाणंबी गेलं. मीच दिलं.

पुरे.

रवि. ९ मार्च

गंगव्वाचा फोन. मला वाटलं महिन्याच्या विधीचं काय बोलायचं असंल.

"भावजी, मेंढरं माघारी येईनात."

म्हणलं, कुठं जात्यात?

"माळावर जात्यात, सांजच्याला येत न्हाईत. बिरू टँकरवरनं दमून येतोय, मंग मोटारसायकल घिऊन माळ धुंडतोय. परवा दोन लांडग्यानं नेली. बिरू म्हणतो इकून टाकू. आवं, मी निवदाला शब्द दिलाय, इकत न्हाई म्हणून. कसं करू?"

शिवाप्पा असताना कशी यायची?

"ते शिट्टी मारायचे की. रोज. गाण्याची शिट्टी, लय ग्वाड. लिंबाखाली हुबं ऱ्हाऊन मारली की सगळी वळायची. मला वाटलं फौजंतलं गाणं हाय, तर तुमाला ठावं असंल."

कसलं गाणं, इचारलं. तिनं तोंडानं म्हणून दाखीवलं. म्हातारीचा आवाज, सूर धड न्हाई. तरी कळलं.

बघतो, म्हणलं आन फोन ठिवला.

भिकार म्हणायचा. दर जानेवारीला भिकार. आन रोज सांजच्याला लिंबाखाली उभा ऱ्हाऊन.

त्या लिंबावरच बसल्यालं कावळं.

सोम. १० मार्च

तिला काय सांगू? मेल्याल्या माणसाला शब्द दिलाय, गाणं बंद म्हणून. कावळा शिवला. अख्ख्या गावानं बघितलं. तिनं शब्द दिला मेंढरांचा, मी दिला गाण्याचा. माझा ठिवला तर तिचा मोडतो.

ह्या सगळ्याला मी मानत न्हाई. मंग मोडायला काय हरकत हाय? हे सकाळपास्नं दहांदा मनाशी बोललो.

मालन म्हणली, "जेवताना तरी नीट जेवा. कुणाशी पुटपुटताय?"

बुध. १२ मार्च

तुकाला सगळं सांगिटलं फोनवर. तो म्हणला, "मी तर मत दिल्यालं न्हाई शिट्टीला. मला कसली बंदी? मी गाणं पाठीवतो बिरूला."

नियम सगळ्यांना हाय, म्हणलं.

"जग्या, तू वकील हो." फोन ठिवला. पाठीवलं.

सांजच्याला बिरूचा फोन. मोठा स्पीकर आणल्याला यात्रेतल्यावाणी, लिंबाखाली ठिवून गाणं लावलं. मेंढरांनी माना वर केल्या. थांबली. मंग परत चराय लागली.

फोन गंगव्वानं घेतला. "ह्ये त्येच हाय, पर त्येच न्हाई. तेंच्या शिट्टीत मधीच फुस्स व्हायचं. तिसऱ्या फेऱ्याला. ह्यात त्ये कुठं हाय?"

मी म्हणलं, फुस्स?

"व्हय की. दात धड हुते सगळे, तरी मुद्दाम करायचे. मी इचारलं एकदा, तर म्हणले, त्ये तसंच हाय."

शिवाप्पा गाणं मारत नव्हता तर. दिल्याची शिट्टी मारत हुता.

शुक्र. १४ मार्च

काल होळी. पोळी खाल्ली, गोड लागली न्हाई. पोरं बोंबलत हुती, त्यात एक शिट्टी. दारात जाऊन बघितलं. पोरंच हुती.

मंगळ. १८ मार्च

मलकापूर. तुका काठी घिऊन चालतोय. म्हणला, "तुला जायाला पायजे."

म्हणलं, मला शिट्टी येत न्हाई.

"कवळी काढ. कवळी काढली की सगळं फुस्सच हुतंय."

"तू जा की."

"मला कधी जमली? ढोलवाला माणूस मी. शिट्टी तुमा तिघांचीच." मंग काठी खाली टेकवत म्हणला, "भ्या वाटतंय का?"

म्हणलं, कशाचं.

"मला वाटतं. खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी मागल्या गाडीत हुतो. माझ्यापतोर शिट्टी आलीबी नव्हती अजून. पुढची गाडी निघाली म्हणून निघालो. माझ्यापतोर आलीच न्हाई ती. अजून कधीकधी सेल मारताना वाटतं, आधी शिट्टी येऊ दे."

मला हे ठावं नव्हतं. एवढी वर्सं एका खाटंवर बसून गाणी ऐकली.

ह्या टायमाला मी 'च्या सांग' म्हणलो न्हाई. तुकानं आपल्या मनानंच च्या सांगिटला. जाताना म्हणला, "दिल्यानं शिट्टी मारली म्हणून दरड आली न्हाई. पाऊस झालता आदल्या दिवशी."

ठावं हाय, म्हणलं.

"ठावं हाय, पर?"

पर काय. आलो.

मालनला सांगिटलं, जतला जातोय, दोनचार दिवस. कशाला, म्हणली. म्हणलं, मेंढरं बघायला.

"म्हशीकडं कवा बघितलं न्हाईसा," म्हणली. पिशवी भरली. घोंगडं मीच ठिवलं आत.

गुरु. २० मार्च. जत.

पोचलो. घर तसंच. शिवाप्पाच्या बुटाचा जोड दारामागं, पालीस केल्याला. कोण करतंय? गंगव्वा म्हणली, "तेंची सवय. मला लागली."

बिरू सरळ बोलतो. बापावर गेलाय. "काका, आईला तुमीच सांगा. मेंढरामागं माणूस पायजे. मी टँकर सोडला तर गावाला पाणी कोण आणंल? आण्णा हुतं तवा गोष्ट येगळी."

म्हणलं, आधी बघू.

"काय बघणार? येपारी शनवारी येतोय."

म्हंजे उद्या एकच सांज हाय.

आज सांजच्याला मेंढरं आलीच न्हाईत वेळंवर. बिरूनं मोटारसायकलनं वळवून आणली. एक कमी. मी बाहेर खाटंवर बसल्यालो. गंगव्वा मोजती आन परत मोजती.

मी म्हणलं, वैनी, मी निवदाला काय बोललो ठावं हाय न्हवं? त्ये गाणं तोंडानंबी वाजवायचं न्हाई, असा आमचा नियम हाय.

ती म्हणली, "तेंनी पाळला का नियम?"

नियमानं तवा बंद नव्हतंच गाणं. एकच मत हुतं त्येचं. पर ते तिला सांगून काय उपेग.

मंग तीच म्हणली, "भावजी, तुमी बोललासा तवा कावळा आला, ते तुमी गाणं भिकार म्हणलं म्हणून आला का तुमी हाक मारली म्हणून आला, मला ठावं न्हाई. आमी समदी काय काय देत हुतो. जमीन, मेंढरं. 'ये' असं तुमी एकट्यानं म्हणलं."

म्हणलं, ती म्हातारी म्हणत हुती की, बारो बारो.

"ती समद्यांच्याच मयताला म्हणती."

शुक्र. २१ मार्च. जत.

आत्ता उजेड हाय तवर लिव्हून टाकतो.

उन्हं कलली तवा लिंबाखाली जाऊन उभा ऱ्हायलो. घोंगडं खांद्यावर. उकडत हुतं, तरी घेतलं. बिरू टँकर लावून आल्याला, माझ्या शेजारी उभा. गंगव्वा दारात. मेंढरं लांब माळावर, टेकाडाच्या अंगाला, पाठी आमच्याकडं. वारं पडल्यालं. लिंबाचं पान हलत न्हाई.

मनात म्हणलं, शिवाप्पा, मत दिल्यालं हाय, ते माघारी घेत न्हाई. गाणं भिकार तर भिकार. पर ही गाण्याची शिट्टी न्हाई, दिल्याची हाय. त्याच्यावर आपलं मतदान कवा झालं न्हाई.

वकिलावाणीच झालं हे. तुका हसला असता.

कवळी काढली, खिशात ठिवली. बिरूनं तोंड दुसरीकडं केलं, गुणी पोरगं. ओठ सुकल्यालं. जिभंनं ओलं केलं. ओठ दुमडलं. आन दुमडलेच ऱ्हायले. छातीत हवा भरली ती सोडवंना. डोळ्यापुढं धुकं, बानेटावर हात, आन मला वाटलं आता सोडली की म्हंजे चला, आन पुढं वळण.

मी फुंकलं न्हाई.

मी फुंकलं न्हाई, हे मी शपतीवर लिव्हतोय. हवा छातीतच हुती.

आन मेंढरांनी माना वर केल्या. सगळ्यांनी एकदम. माझ्याकडं बघितलं न्हाई. माझ्या मागं बघितलं, लिंबाच्या बुंध्याकडं. मंग म्होरकी वळली आन तिच्यामागं समदी. पळत न्हाई. रोजच्यागत, सावकाश, धुळीतनं. आमच्या दोघांच्या दोन्ही अंगानं गेली आन वाड्यात शिरली.

मी मागं वळून बघितलं न्हाई.

बिरू म्हणला, "जमलं की काका! आण्णांच्यागतच! मधी फुस्सबी झालं."

मी खिशातनं कवळी काढून तोंडात बसवली.

गंगव्वा दारात बसून रडत हुती. बिरूनं तिथनंच येपाऱ्याला फोन लावला, उद्या यिऊ नगा म्हणून. मेंढरं मोजली. कालची हुकल्यालीबी त्यातच हुती.

म्हातारपणी माणूस काय करतो ते त्येला कळत न्हाई. फुंकलंबी असंल. कान कमीच झाल्यात.

घोंगडं लिंबाच्या बुंध्याशी घडी घालून ठिवलं. गंगव्वा म्हणली, दंव पडंल, आत आणा. म्हणलं, असू दे.

तुकाचा फोन येऊन गेला दोनदा. घेतला न्हाई. त्येला काय सांगायचं? तुझ्यापतोर आली का, असं इचारावं वाटतंय.

गंगव्वा म्हणती, आठ दिवस ऱ्हावा, बिरूला शिकवा. उद्या सांजच्याला परत तिथं उभं ऱ्हायचंय. बिरू म्हणतो काका मी बारकाईनं बघणार, ओठ कसं धरता.

रिमार्क: